गाळलेली ओळ

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेचं हे पत्र आहे. वय 61. मधुमेहामुळे डोळ्यांचे पडदे खराब झाले आणि गेल्या दोन वर्षांत वाचणं पूर्ण थांबलं. आता उजेड-अंधार कळतो, तेवढाच. पेन्शनचे कागद, वीजबिल, औषधांच्या पट्ट्या, पेपर हे सगळं मुलगा न कंटाळता वाचून दाखवतो. दिवाळीनंतर धाकट्या बहिणीचं हाताने लिहिलेलं पत्र आलं. ते वाचता वाचता मुलगा एका जागी थांबला, मग पुढे वाचू लागला. त्याने काहीतरी गाळलं, अशी बाईंची खात्री आहे. त्यांनी विचारलं नाही. शेजारच्या मुलीकडून लिहून घेतलेल्या पत्रात त्या म्हणतात, "एकेकाळी गावातल्या बायका आपली पत्रं माझ्याकडून वाचून घ्यायच्या. आज मी त्यांच्या जागी बसले आहे." अमेरिकेतल्या भाच्याला ऑप्टाकॉन नावाचं एक जुनं यंत्र विकाऊ दिसलं आहे. त्यावर साधी छापील अक्षरं बोटाला जाणवतात म्हणे. "33 वर्षं मी पहिलीच्या पोरांचं बोट धरून अक्षरं गिरवून घेतली. माझ्या बोटांना अक्षरं पाठ आहेत. मग ठिपक्यांची परकी लिपी या वयात कशाला शिकू? मोबाइल वाचतो ते सगळ्या घराला ऐकू जातं, आणि ते ऐकणं झालं, वाचणं नव्हे. यंत्र मागवू का?"

बाई, नमस्कार.

तुम्ही शिक्षिका, म्हणून ताई वगैरे न म्हणता बाईच म्हणतो. मला चौदाव्या वर्षापासून दिसत नाही. नोकरी बँकेत टेलिफोन ऑपरेटरची झाली, त्यामुळे दुसऱ्याकडून कागद वाचून घेण्यात माझी हयात गेली आहे. वाचणारा कुठे अडखळला, कुठे "पुढे नेहमीचंच आहे" म्हणून त्याने पान उलटलं, हे कानाला बरोबर कळतं. तेव्हा मुलगा थांबला हा तुमचा भास होता, असं मी म्हणणार नाही. थांबला असेल.

पण आधी यंत्राचं बोलू, भाचा उत्तराची वाट बघत असेल.

ऑप्टाकॉन हे खरोखर अचाट यंत्र होतं. अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात जॉन लिनव्हिल नावाचे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक होते. त्यांची मुलगी कँडी तीन वर्षांची असताना तिची दृष्टी गेली. तिची शाळेची पुस्तकं तिची आई घरी बसून ब्रेलमध्ये उतरवून काढायची. साठच्या दशकाच्या सुरुवातीला लिनव्हिल युरोपात होते, तेव्हा जर्मनीत आयबीएम कंपनीचं एक वेगवान छपाईचं यंत्र त्यांच्या पाहण्यात आलं. त्यात बारीक पिनांचे ठोके कागदावर बसून अक्षर उमटायचं. त्यांच्या मनात आलं, कागदाच्या जागी बोट ठेवलं तर? बापाच्या डोक्यात मुलगी सतत असल्याशिवाय छपाईचं यंत्र बघून कोणाला असलं काही सुचत नाही. पुढे जेम्स ब्लिस आणि इतर सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी ते प्रत्यक्षात आणलं. 1970 मध्ये टेलिसेन्सरी ही कंपनी निघाली आणि 1971 पासून यंत्र लोकांच्या हातात पडू लागलं. कँडी त्याच यंत्राचा आधार घेत शिकली आणि मानसशास्त्रात डॉक्टरेटपर्यंत पोचली.

त्याचं काम असं चालतं. डावा हात यंत्राच्या खोबणीत घालायचा. तर्जनीच्या पेराखाली 144 बारीक पिना असतात, 24 आडव्या ओळी आणि 6 उभ्या रांगा. उजव्या हातात मुठीत मावणारा छोटा कॅमेरा घेऊन तो छापील ओळीवरून सरकवायचा. कागदावर जिथे शाई असेल, तिथल्या पिना सेकंदाला दोनशेहून जास्त वेळा थरथरतात. कोरा कागद असेल तिथल्या गप्प राहतात. म्हणजे 'L' वरून कॅमेरा गेला की बोटाखालून एक उभी आणि एक आडवी रेघ सरकत जाते. यंत्राला अक्षर ओळखता येत नाही. ते फक्त आकार दाखवतं, ओळखायचं काम बोटाचं. म्हणून लिपी कुठलीही चालायची, आकृती चालायची. भिंग बदललं की टाइपरायटरवरचा मजकूर आणि कॅल्क्युलेटरवरचे आकडेही वाचता यायचे. त्या काळी दुसऱ्या कुठल्या साधनाला हे जमत नव्हतं, आणि ज्यांनी ते वर्षानुवर्षं वापरलं ते आजही त्याच्याबद्दल जिव्हाळ्याने बोलतात.

मी ते एकदा हाताळलं आहे. मुंबईत एका स्नेह्याकडे परदेशातून आलेलं एक होतं. पहिल्या अर्ध्या तासात मला इंग्रजी 'O' आणि 'L' ओळखता आले, 'e' आणि 'c' मध्ये मी दर वेळी चुकलो. मग हौसेने मराठी पेपरचा मथळा घेतला. बाई, आपली शिरोरेघ बोटाच्या वरच्या अंगाला अखंड गुणगुणत राहिली, खाली अक्षरं पळत होती, आणि वेलांट्या-मात्रा कधी येऊन गेल्या ते कळायच्या आत शब्द संपला. जरा तिरका हात झाला की ओळ सुटायची. उठलो तेव्हा बोटाला अशा मुंग्या आल्या होत्या की चहाचा कप गरम आहे का गार ते समजेना.

अर्ध्या तासावरून मत बनवू नये, हे खरं. पण ज्यांनी रीतसर शिक्षण घेतलं त्यांचंही ऐका. सुरुवातीचा अभ्यासक्रम नऊ दिवसांचा असे, आणि त्यानंतर वेग असायचा मिनिटाला दहा-बारा शब्द. पुढे चिकाटीने सराव करणारे चाळीसपर्यंत जात, मोजके लोक ऐंशी-नव्वदपर्यंत. तुमचं हे पत्र दहाच्या वेगाने वाचायला अर्धा तास लागेल. शिवाय 1996 मध्ये ही यंत्रं बनणं थांबलं, आणि 2005 मध्ये ती कंपनीही बुडाली. बॅटरी गेली, एखादी पिनांची रांग मेली, तर सांगलीत सोडा, न्यूयॉर्कमध्येही दुरुस्त करणारा शोधावा लागेल. भाच्याला सांगा, मागवू नको. तुम्हाला ते नुसतं हाताळून बघायचं असेल, तर गोष्ट वेगळी. कुतूहलाला वयाची अट नसते. पण घरचा कागद वाचण्यासाठी ते उपयोगाचं नाही.

आता तुमच्या बोटांबद्दल. तुम्ही म्हणता, बोटांना अक्षरं पाठ आहेत. मला जरा शंका आहे. 'क' कसा गिरवायचा हे तुमच्या मनगटाला पाठ आहे, म्हणजे हाताची हालचाल पाठ आहे. स्थिर बोटाखालून सरकत जाणारा 'क' ओळखणं ही सर्वस्वी दुसरी विद्या आहे. तुम्हीच करून बघा. शेजारच्या मुलीला तुमच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायला सांगा, सावकाश. 'म' आणि 'भ', 'घ' आणि 'ध' यांत तुम्ही किती वेळा चुकता ते मोजा.

आणि हा धडा आपल्या आधी फ्रान्सच्या लोकांनी गिरवून ठेवला आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये व्हॅलेंटिन हाउई यांनी अंध मुलांसाठी शाळा काढली. तिथली पुस्तकं डोळसांच्याच अक्षरांत होती, फक्त ती अक्षरं कागदावर उठवलेली. हेतू तुमचाच, की आमच्या मुलांनी जगाचीच अक्षरं वाचावीत. पुस्तकं अवजड झाली, वाचन मुंगीच्या पावलाने चाललं, आणि मुलांना लिहिता तर काहीच येईना. त्याच शाळेत लुई ब्रेल दहा वर्षांचा असताना दाखल झाला. पंधराव्या वर्षी त्याने सहा ठिपक्यांची लिपी जवळपास तयार केली आणि 1829 मध्ये ती छापली. शिकवणाऱ्या डोळसांना ती बरीच वर्षं परकी वाटली, तिच्यावर बंदीही आली. मुलं मात्र ती लपूनछपून वापरत राहिली, कारण ती एका पेराखाली पूर्ण मावते आणि तिच्यात लिहिताही येतं. परकी ती डोळ्याला वाटते, बोटाच्या दृष्टीने परकी आहेत ती आपली नेहमीची अक्षरं.

मराठी ब्रेलमधली एक गंमत तुम्हाला शिक्षिका म्हणून सांगतो. पहिलीतल्या पोरांना ऱ्हस्व वेलांटी शिकवताना काय होतं? 'कि' मध्ये वेलांटी आधी लिहायची, बोलायची मात्र नंतर. पोरं हमखास गोंधळतात. भारती ब्रेलमध्ये, म्हणजे आपल्या भाषांच्या ब्रेलमध्ये, हा गोंधळच नाही. आधी 'क', मग 'इ', जसं बोलतो तसं. जोडाक्षर असलं तर आधीच्या व्यंजनाच्या अलीकडे एक ठिपका येतो, म्हणजे बोटाला आगाऊ कळतं की पुढचं अक्षर अर्धं आहे. 'बाई' हा शब्द तीन घरांत, म्हणजे सहा ठिपक्यांच्या तीन जागांत बसतो, 'ब', 'आ', 'ई'. इंग्रजी ब्रेलमध्ये संक्षेपांचं जंगल आहे, मराठीत ती कटकट नाही. ही पद्धत भारतीय भाषांसाठी 1951 मध्ये एकत्र ठरली, त्यामुळे हिंदीचा 'क' आणि मराठीचा 'क' एकच.

तरी मी तुम्हाला "ब्रेल शिका, सगळं सुटेल" असं सांगणार नाही. वीजबिल ब्रेलमध्ये येत नाही, बहिणीचं पत्र तर नाहीच. शिवाय मधुमेहात बोटांची जाणीव बोथट होऊ शकते. डॉक्टरांना मुद्दाम विचारा. जाणीव कमी असेल तर ठिपक्यांत जास्त अंतर असलेलं मोठं ब्रेलही असतं. सुरुवात अंड्यांच्या सहाच्या ट्रेने करा. डावीकडे वरून खाली 1, 2, 3 आणि उजवीकडे 4, 5, 6. त्यात लिंबं ठेवून अक्षरं मांडा. 'अ' ला एकच लिंबू, पहिल्या खळग्यात. 'ब' ला पहिलं आणि दुसरं, 'क' ला पहिलं आणि तिसरं. आठवड्याभरात ही मांडणी डोक्यात बसते. ती बोटात उतरायला मात्र महिने लागतात, आणि त्यासाठी शिकवणारं माणूस हवं. नॅब म्हणजे राष्ट्रीय अंध संघ, मुंबईत 1952 पासून काम करतो आणि त्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांत शाखा आहेत. तिथे चौकशी करा. ब्रेल पाटी आणि टोचायचं स्टायलस फार महाग नसतं. लिहिताना उजवीकडून डावीकडे उलटं टोचायचं आणि कागद पालथा करून वाचायचं, याची तुम्हाला दोन दिवस चीड येईल, तिसऱ्या दिवशी हात बसेल.

तुमची मोबाइलबद्दलची तक्रार अर्धी बरोबर आहे. घरभर ऐकू जातं, हे खरं. त्याला उपाय एका कानातल्या इअरफोनचा, दुसरा कान घरासाठी मोकळा. "ते ऐकणं झालं, वाचणं नव्हे" हे मात्र मला पूर्ण पटत नाही. वीजबिलाची रक्कम बोटाने कळली काय आणि कानाने कळली काय, भरायची तितकीच. पेन्शनची पावती, औषधाचं नाव, लग्नपत्रिकेवरची तारीख यांसाठी फोन पुरतो. अँड्रॉइड फोनमध्ये टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारी सोय, असतेच. तिला मराठी आवाज लावून घ्या, आणि कागदाचा फोटो काढून गूगल लेन्सने वाचून घ्यायला शिका. छापील मराठी ते बऱ्यापैकी वाचतं. आमच्या लोकांची फजिती फोटो काढताना होते, म्हणून रीत सांगतो. कागद टेबलावर सपाट ठेवा. हातांची दोन्ही कोपरं कागदाच्या दोन बाजूंना टेकवा, फोन दोन्ही हातांत आडवा धरा, आधी कागदाच्या मधोमध टेकवा आणि मग सरळ वर, वीतभरापेक्षा थोडा जास्त उचला. आणि दिवा लावा. आपल्याला लागत नाही म्हणून आपण विसरतो, कॅमेऱ्याला लागतो. मी कित्येक महिने काळोखात फोटो काढून फोनला शिव्या दिल्या आहेत.

आता ही दोन्ही टोकं जुळतात ती जागा. फोनने वाचलेला मजकूर बोलण्याऐवजी ब्रेलमध्ये उमटवणारी यंत्रं आज मिळतात. त्यांना ब्रेल डिस्प्ले म्हणतात. वही किंवा छोट्या डब्याएवढं यंत्र, त्यावर एका ओळीत 20 किंवा 40 घरं, आणि प्रत्येक घरात वर-खाली होणारे ठिपके. फोनला ब्लूटूथने जोडलं की छापील कागदाचा फोटो, फोटोतली अक्षरं आणि अक्षरांचे ठिपके, असा प्रवास होऊन मजकूर बोटाखाली येतो. घरात कोणाला चाहूल लागत नाही. ऑप्टाकॉनने तुम्हाला भुरळ घातली ती याच गोष्टीची ना? कागद माझ्या बोटाखाली, आवाज नाही, मध्ये कोणी नाही. आजच्या काळात ती वाट ब्रेलवरून जाते. ज्या लिपीला तुम्ही नको म्हणताय, तिच्याशिवाय गुपचूप वाचता येत नाही. किंमत पाच आकडी असते, मोठ्या यंत्रांची सहा आकडी. म्हणून आधी लिंबं, मग पाटी, आणि वर्षभराने हात चालू लागला तर भाच्याच्या डॉलरांचं काय करायचं ते बघा.

दरम्यान घरातली छोटी कामं कुठल्याही यंत्राविना होतात. सकाळच्या गोळ्यांच्या डबीला एक रबरबँड, रात्रीच्या डबीला दोन. युरोपीय संघात औषधाच्या खोक्यावर नाव ब्रेलमध्ये द्यावंच लागतं, आपल्याकडे ती सक्ती नाही, म्हणून हा उद्योग. पट्टी कापून देताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा मागून घ्या. नोटांत 100 ची लांबी 142 मिलिमीटर, 200 ची 146 आणि 500 ची 150, म्हणजे फरक प्रत्येकी चारच मिलिमीटरचा. नव्या नोटांच्या कडेला उठावाच्या तिरप्या रेघा असतात, शंभरावर चार, पाचशेवर पाच, पण बाजारात फिरून त्या झिजतात. घरी कोणीतरी पाचशेच्या नोटा एकदा घडी घालून द्याव्यात, शंभराच्या सरळ ठेवाव्यात. नोट ओळखून सांगणारं मनी नावाचं ॲप रिझर्व्ह बँकेनेच 2020 मध्ये आणलं आहे, तेही फोनमध्ये असू द्या. आणि बँकेत कोणी म्हणालं की दिसत नाही तर चेकबुक मिळणार नाही, तर सांगा की रिझर्व्ह बँकेने 2008 मध्येच असा भेदभाव करू नका म्हणून सगळ्या बँकांना कळवलं आहे. सहीसाठी पुठ्ठ्याला बोटभर लांब खाच पाडून ती कागदावर ठेवली की सही ओळीत येते.

राहिलं बहिणीचं पत्र. त्याला यातलं काहीच पुरत नाही. हाताने लिहिलेलं मराठी फोन वाचायला गेला तर काहीच्या काही वाचतो. ऑप्टाकॉनवर तर धाकट्या बहिणीचं वळण ओळखायला तुम्हाला दुसरा जन्म घ्यावा लागला असता.

तुम्ही लिहिलंत, गावातल्या बायका पत्रं वाचून घ्यायला तुमच्याकडे यायच्या. मला विचारावंसं वाटतं, आणि रागावू नका, त्यांतल्या एखाद्या पत्रातलं वाक्य तुम्ही कधी गाळलं नाहीत? मुंबईच्या गिरणीतल्या नवऱ्याने काही वेडंवाकडं लिहिलं असेल, सासूबद्दल काही असेल, दुखण्याची बातमी असेल आणि बाई पोटुशी असेल. तुम्ही क्षणभर थांबला असाल आणि पुढची ओळ वाचली असेल. आणि समोरच्या बाईलाही ते कळलं असेल, तीही काही बोलली नसेल. मी त्या बाईच्या जागेवरून बोलतोय. गाळणाऱ्याच्या मनात दर वेळी खोट नसते, पण ऐकणाऱ्याला मात्र ती ओळ रात्री झोपू देत नाही.

तुम्ही यंत्र शोधलंत, शेजारच्या मुलीला बसवून मला पत्र लिहिलंत, भाच्याला अमेरिकेत कामाला लावलंत. मुलाला मात्र विचारलं नाहीत. त्याला पत्र घेऊन बसवा आणि म्हणा, "त्या दिवशी तू मध्ये थांबलास. मला राग नाही. आता पहिल्या ओळीपासून वाच, जे आहे ते वाच." त्याला नियम घालून द्या. माझ्या नावाचा कागद असेल तर आधी सांगायचं की किती पानं आहेत, कोणाचा आहे, आणि मग जसंच्या तसं. समजावणं हवं असेल तर वाचून झाल्यावर. "मी गाळतोय" असं सांगून गाळलं तरी चालेल, न सांगता नाही. हा नियम माझ्या घरी तीस वर्षं आहे, आणि तो मोडला गेला की मी रुसतो हे सगळ्यांना माहीत आहे. मुलाला अवघड जात असेल, तर तेच पत्र शेजारच्या मुलीकडून वाचून घ्या. काही गोष्टी घरच्यापेक्षा परक्याने वाचलेल्या बऱ्या.

बहिणीलाही कळवा, की यापुढे पत्र लिहिण्यापेक्षा व्हॉट्सॲपवर आवाजात बोलून पाठव. तिचं वळण जाईल याची हळहळ वाटेल, मला माझ्या आईचं वळण अजून आठवतं. पण तिचा आवाज थेट तुमच्या कानात येईल, आणि तो कोणाला गाळता येणार नाही.

आणि एक राहिलंच. साखर तपासायला घरी बोट टोचत असाल, तर दोन्ही हातांच्या तर्जन्या सोडून द्या. अनामिका किंवा करंगळी टोचा, तीही कडेला. तर्जनी आपल्याला लागणार आहे.